व्यवस्थापनाचे शिक्षण: निर्णयापासून अंमलबजावणीपर्यंत

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन प्रकारचे शिक्षण एकाच वेळापत्रकात चालते. ताळेबंद वाचणे, मालाचा उत्पादनखर्च काढणे, भांडवल कुठून उभारायचे ते ठरवणे, पाहणीतील आकड्यांवरून मागणीचा अंदाज बांधणे हा एक भाग. तो पुस्तकातून शिकता येतो, फळ्यावर समजावता येतो आणि परीक्षेत तपासता येतो. दुसरा भाग माणसांशी निगडित आहे. न पटलेल्या सहकाऱ्याला बरोबर घेणे, हाताखालच्या माणसाला त्याची चूक त्याचा अपमान न करता सांगणे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी अंगावर घेणे, ठरलेले काम दहा हातांतून पार पडेपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणे, ही सगळी त्या दुसऱ्या भागातली कामे. रॉबर्ट काट्झ यांनी 1955 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखात प्रशासकाच्या कौशल्यांचे तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक असे तीन गट पाडले. पद जसजसे वर जाते तसतसे तांत्रिक कौशल्याचे महत्त्व उतरते, एकूण संस्थेचे चित्र पाहण्याच्या कौशल्याचे वाढते, आणि मानवी कौशल्य मात्र प्रत्येक पायरीवर लागते, असे त्यांचे म्हणणे होते. हे वर्गीकरण अजूनही शिकवले जाते. तासांची वाटणी मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या गटाकडेच झुकलेली राहिली. मानवी कौशल्ये कमी महत्त्वाची वाटली म्हणून असे झाले नाही. ती शिकवायची कशी आणि तपासायची कशी, हा प्रश्न अवघड असल्यामुळे ती मागे पडली.

व्यापारशिक्षणाची विद्यापीठीय परंपरा अमेरिकेत सुरू झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॉर्टन स्कूल 1881 मध्ये निघाले, डार्टमथचे टक स्कूल 1900 मध्ये आणि हार्वर्डचे बिझनेस स्कूल 1908 मध्ये. ‘एमबीए’ ही पदवी प्रथम हार्वर्डने दिली. सुरुवातीचे तास व्याख्यानांचेच होते. पद्धत बदलली ती 1919 मध्ये वॉलेस डॉनम अधिष्ठाता झाल्यावर. डॉनम स्वतः कायद्याचे पदवीधर होते आणि त्यांनी बँकेत काम केले होते. हार्वर्डच्याच विधी महाविद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी 1870 च्या दशकात न्यायनिवाडे समोर ठेवून कायदा शिकवण्याची पद्धत रुजवली होती. व्यापारातही खऱ्या कंपनीचा खरा पेच विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल, अशी डॉनम यांची खात्री होती. मेल्विन कोपलँड हे प्राध्यापक विपणनावर पाठ्यपुस्तक लिहिण्याच्या बेतात होते. डॉनम यांनी त्यांना पाठ्यपुस्तकाऐवजी प्रश्नांचा संग्रह करायला लावले, आणि तो 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. 1921 मध्ये ‘जनरल शू कंपनी’ ही पहिली लिखित केस तयार झाली. त्यानंतर केस-पद्धत जगभरच्या व्यवस्थापन संस्थांनी उचलली.

या पद्धतीत प्रत्यक्ष काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी आदल्या रात्री दहा-वीस पाने वाचून येतात. त्यात कंपनीचा थोडा इतिहास, चारदोन माणसे, आकड्यांची परिशिष्टे आणि शेवटी एक अडलेला निर्णय असतो. हार्वर्डमध्ये एका वर्गात नव्वदच्या आसपास विद्यार्थी असतात. बैठक अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांची असते आणि प्रत्येकासमोर नावाची पाटी असते. प्राध्यापक आत येऊन पूर्वसूचना न देता एकाचे नाव घेतात आणि विचारतात, की या जागी तुम्ही असता तर काय केले असते. उत्तर आले की दुसऱ्याला विचारतात, की हे पटते का. मग तिसरा परिशिष्टातला एक आकडा काढून दोघांनाही अडवतो. प्राध्यापक स्वतः निकाल देत नाहीत. ते फळ्यावर मते मांडतात, विसंगती दाखवतात आणि वाद भरकटला की पुन्हा प्रश्नावर आणतात. वर्गातील सहभागाला गुणांमध्ये मोठा वाटा असतो, त्यामुळे गप्प बसणे परवडत नाही. दोन वर्षांत विद्यार्थी सुमारे पाचशे केसेसमधून जातो. एवढ्या वेळा अपुऱ्या माहितीवर मत बनवायचे, ते चारचौघांत मांडायचे आणि चांगला मुद्दा समोर आला की मागे घ्यायचे, याची सवय अंगात भिनते. निर्णयशक्तीची ही तालीम अव्वल दर्जाची आहे यात शंका नाही.

पण केसमधला पेच कोणीतरी आधीच शोधून, नीटनेटका करून विद्यार्थ्यासमोर ठेवलेला असतो. खऱ्या कामात पेच असा बांधून येत नाही. विक्री का घसरते आहे, हेच मुळात कोणाला ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते सांगत नाहीत. हार्वर्डमध्येच शिकवणारे स्टर्लिंग लिव्हिंगस्टन यांनी 1971 मध्ये हा आक्षेप स्पष्ट शब्दांत नोंदवला. वर्गातील गुण आणि पुढच्या कारकिर्दीतले यश यांचा थेट संबंध दिसत नाही, असे सांगून त्यांनी त्याचे कारण दिले: शिक्षणाचा सगळा भर दिलेला प्रश्न सोडवण्यावर असतो, प्रश्न हुडकून काढण्यावर नसतो. त्याच्या पुढचा टप्पा अंमलबजावणीचा. केसचा तास संपतो तेव्हा निर्णय झालेला असतो. कचेरीत निर्णय झाला की काम सुरू होते. तो निर्णय ज्यांना आवडलेला नाही त्यांच्याकडून तो पार पाडून घ्यायचा असतो आणि इथे केस-पद्धत विद्यार्थ्याचा हात सोडते.

माणसांचे ऐकणे हेही शिकण्याचे कौशल्य आहे, हा शोध एका कारखान्यात लागला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून प्रकाश वाढवला तर उत्पादन वाढते का, याचे प्रयोग चालू होते. उत्तर सरळ येईना. डॉनम यांनी हार्वर्डला आणलेले एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोथ्लिसबर्गर या कामात पुढे सहभागी झाले. 1928 पासून कामगारांच्या मुलाखतींचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलणे झाले. सुरुवातीला मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारत. कामगार त्यांना उत्तर देऊन पुन्हा आपल्या मनातल्या विषयावर येत. तेव्हा पद्धत बदलली. प्रश्नांची यादी बाजूला ठेवायची, मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही आणि माणूस काय सांगतो आहे, काय सांगायचे टाळतो आहे, याकडे लक्ष ठेवायचे, असे मुलाखतकारांना शिकवण्यात आले. मुलाखती लांबल्या, पण त्यांतून कारखान्याचे खरे अंतरंग कळू लागले. हॉथॉर्नच्या प्रयोगांवरून काढलेल्या काही निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली आहे. ऐकण्याच्या शिस्तीबाबतचा हा धडा मात्र त्या टीकेत वाहून गेला नाही. रोथ्लिसबर्गर यांनी तो पुढे अनेक वर्षे हार्वर्डच्या वर्गांत शिकवला.

1950 च्या दशकाच्या अखेरीस वारे फिरले. फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी, आणि कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पिअरसन यांनी केलेले अमेरिकेतील व्यापारशिक्षणाचे दोन अहवाल 1959 मध्ये आले. दोन्ही अहवालांनी शिक्षणाचा दर्जा सुमार असल्याचे सांगितले आणि संशोधन, गणित, संख्याशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांचा पाया मागितला. ही मागणी रास्त होती, कारण अनेक ठिकाणी टिपणवजा माहितीच अभ्यासक्रम म्हणून दिली जात होती. पण औषधाचा डोस जास्त झाला. पुढच्या काही दशकांत प्राध्यापकाची नेमणूक आणि बढती शोधनिबंधांवर ठरू लागली आणि कधीही माणसांचा गट न सांभाळलेले विद्वान नेतृत्व शिकवू लागले. वॉरन बेनिस आणि जेम्स ओटूल यांनी 2005 मध्ये नेमके यावर बोट ठेवले: व्यवस्थापन संस्थांनी पदार्थविज्ञानाचा नमुना पुढे ठेवला, वैद्यक आणि कायदा यांसारख्या व्यवसायशिक्षणाचा ठेवला नाही.

व्यवस्थापक दिवसभर खरोखर काय करतो, हे पाहण्याचे कष्टही फार थोड्यांनी घेतले होते. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थाप्रमुखांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांचे प्रत्येक काम नोंदवले आणि 1973 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आखणी, संघटन, नियंत्रण अशा पाठ्यपुस्तकी टप्प्यांनी चालणारा शांत माणूस त्यांना दिसला नाही. निम्म्याहून अधिक कामे नऊ मिनिटांच्या आत उरकली जात होती. दिवस फोन, भेटी, अडथळे आणि अर्धवट राहिलेली बोलणी यांनी भरलेला होता, आणि महत्त्वाची माहिती लेखी अहवालांपेक्षा तोंडी येत होती. अशा कामासाठी शांतपणे वीस पाने वाचून केलेले विश्लेषण पुरेसे नाही, हे या नोंदींवरून उघड झाले. याच दशकात, 1977 मध्ये, अब्राहम झालेझनिक यांनी व्यवस्थापक आणि नेता ही दोन वेगळ्या घडणीची माणसे आहेत असे मांडले, आणि 1990 मध्ये जॉन कॉटर यांनी व्यवस्थापन गुंतागुंत सांभाळते तर नेतृत्व बदल घडवते, अशी विभागणी केली. या वादावर बरीच शाई खर्च झाली आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण एखाद्या शाखेची जबाबदारी घेणाऱ्याला सोमवारी सकाळी दोन्ही कामे एकाच खुर्चीत बसून करावी लागतात.

मानवी कौशल्य शिकवण्याची जी एक पद्धत खरोखर नवी होती, ती योगायोगाने हाती लागली. 1946 च्या उन्हाळ्यात कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी वांशिक तेढ कमी करण्यासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे शिबिर घेत होते. दिवसा गटचर्चा होत आणि संध्याकाळी निरीक्षक एकत्र बसून कोण कसे वागले याच्या नोंदी ताडून पाहत. एका संध्याकाळी काही शिबिरार्थींनी या बैठकीला बसू देण्याची विनंती केली. लेविन यांनी होकार दिला. एका निरीक्षकाने सकाळच्या चर्चेतील एका बाईंच्या वागण्याचा अर्थ लावला, तेव्हा त्या तिथेच बसलेल्या होत्या. त्यांनी हरकत घेतली आणि आपल्या बाजूने काय घडले ते सांगितले. दुसऱ्या कोणी तिसरेच पाहिले होते. स्वतःच्या वागण्याचे दुसऱ्याने केलेले वर्णन समोरासमोर ऐकणे आणि ते आपल्या समजुतीशी जुळते का ते पाहणे यात शिकण्याची किती ताकद आहे, हे सर्वांच्या लक्षात आले. पुढच्या संध्याकाळी जवळजवळ सगळेच शिबिरार्थी हजर झाले. लेविन 1947 च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल गावी त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची पहिली कार्यशाळा घेतली आणि तिथून ‘टी-ग्रुप’ म्हणजे ‘ट्रेनिंग ग्रुप’ रूढ झाला. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये 1960 च्या दशकापासून चालत आलेला परस्परसंबंधांवरचा अभ्यासक्रम याच वाटेने आला. बेथेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या लेलँड ब्रॅडफर्ड यांचे पुत्र डेव्हिड ब्रॅडफर्ड यांनी तो घडवला. डझनभर विद्यार्थी गोल बसतात आणि बाहेरचा कोणताही विषय न घेता एकमेकांच्या वागण्याचा परस्परांवर काय परिणाम होतो ते बोलतात.

फीडबॅक देणे म्हणजे मनात आले ते तोंडावर बोलणे, असा गैरसमज सर्रास आढळतो. चांगल्या वर्गात तो तीन खुर्च्या मांडून दूर केला जातो. एकीवर वरिष्ठ, दुसरीवर कनिष्ठ आणि तिसरीवर वही घेतलेला निरीक्षक बसतो. प्रसंग असा असू शकतो, की विक्री प्रतिनिधीकडून थकबाकीची यादी वेळेवर येत नाही. वरिष्ठाची भूमिका करणारा विद्यार्थी पहिल्यांदा हमखास म्हणतो, “तुमचं कामात लक्षच नसतं.” समोरचा आपण किती राबतो ते सांगू लागतो आणि पाच मिनिटांत यादीचा विषय बाजूला पडतो. इथे प्रसंग थांबवला जातो. निरीक्षक आपल्या वहीतले नेमके वाक्य वाचून दाखवतो. मग तोच प्रसंग पुन्हा: “मंगळवारी आणि गुरुवारी यादी आली नाही. त्यामुळे दोन डीलरांचा माल थांबला. अडचण कुठे येते आहे?” आता समोरच्याला स्वतःच्या स्वभावाचा बचाव करावा लागत नाही. तो सांगतो, की दुकानांकडून आकडे संध्याकाळी सातनंतर मिळतात. खरा प्रश्न तिथे सापडतो. गवयाचा रियाज गुरूसमोर होतो तेव्हा चुकलेली जागा तिथल्या तिथे थांबवून पुन्हा घ्यायला लावली जाते. मानवी कौशल्याला अशीच थांबवणारी आणि पुन्हा करून घेणारी नजर लागते. साठ जणांच्या वर्गात ती नजर एका प्राध्यापकाला पुरवता येत नाही, म्हणून ही पद्धत महाग पडते आणि म्हणूनच ती वेळापत्रकातून सगळ्यात आधी गळते. तिच्या जागी व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या येतात. त्या भरायला अर्धा तास लागतो, पण आपण अमुक प्रकारचे आहोत असे कळल्याने कोणाची बोलण्याची सवय बदलत नाही.

खेळ आणि अनुरूपणे हे तिसरे साधन. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने तयार केलेला ‘बिअर गेम’ त्यातला सर्वांत परिणामकारक मानता येईल. चार जागा असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. दर आठवड्याला प्रत्येकजण वरच्या जागेकडे चिठ्ठीवर मागणी नोंदवतो आणि माल काही आठवड्यांनी पोहोचतो. एकमेकांशी बोलायला बंदी असते. साठा पडून राहिला तर दंड, माल कमी पडला तर त्याहून मोठा दंड. ग्राहकांची मागणी फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसते. थोड्याच वेळात माल अपुरा पडतो, घाबरून मोठमोठ्या मागण्या नोंदवल्या जातात, कारखाना धडाक्याने उत्पादन काढतो आणि मग सगळ्यांच्या अंगावर मालाचे ढीग येऊन पडतात. वितरक घाऊक विक्रेत्याला दोष देतो, कारखाना वितरकाला. शेवटी खेळाडूंना ग्राहकांच्या मागणीचा आलेख काढायला सांगतात, तेव्हा ते मोठमोठे चढउतार काढतात. मग चिठ्ठ्या उघडल्या जातात. मागणी पहिले चार आठवडे चार पेट्यांची होती आणि त्यानंतर शेवटपर्यंत आठ पेट्यांची. एवढा एकच बदल झाला होता. बाकीचा गोंधळ चौघांनी मिळून घडवला होता. माणूस बदलण्याआधी व्यवस्था तपासावी, हे तत्त्व व्याख्यानात ऐकलेले विद्यार्थी विसरतात. या टेबलावर ज्याने शेजाऱ्यावर आवाज चढवला, तो सहसा विसरत नाही.

भारतात हे शिक्षण स्वातंत्र्यानंतर उभे राहिले. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 च्या अखेरीस निघाल्या. पहिलीला एमआयटीचे साहाय्य होते आणि दुसरीला हार्वर्डचे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. अहमदाबादला विक्रम साराभाई यांनी सुरुवातीची मांडणी केली, कमला चौधरी यांनी अध्यापनाची घडी बसवली आणि लुई कान यांनी लाल विटांच्या इमारतीत केस-पद्धतीसाठी अर्धगोल वर्ग बांधले. 1965 मध्ये रवी मथाई पहिले पूर्णवेळ संचालक झाले. प्राध्यापकांना निर्णयाचे स्वातंत्र्य, समित्यांना खरे अधिकार आणि संचालकाचा कमीत कमी हस्तक्षेप, अशी त्यांची रीत होती. 1972 मध्ये त्यांनी स्वतःहून संचालकपद सोडले आणि त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून काम चालू ठेवले. अधिकाराचे पद हे एक काम आहे, मोठेपणाची कायमची पायरी नाही, हे विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना रोज डोळ्यांनी पाहता आले. नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात याहून चांगले प्रात्यक्षिक सापडणे कठीण.

मथाई यांचे पुढचे काम या विषयाच्या दृष्टीने आणखी मोलाचे आहे. 1975 मध्ये त्यांनी राजस्थानातील तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात काही सहकाऱ्यांसह एक प्रयोग सुरू केला. राष्ट्रीय डिझाईन संस्थाही त्यात होती. सरकारी दप्तरी जवाजाकडे साधनसंपत्ती जवळजवळ नव्हती. तिथे विणकर होते आणि चामड्याचे काम करणारे होते, आणि दोघांवरही जातिभेदाचे व सावकाराचे ओझे होते. मथाई यांच्या मते ही माणसे हीच साधनसंपत्ती होती. बाजाराला हवे तसे नमुने तयार करणे, मालाची किंमत काढणे, बँकेशी आणि व्यापाऱ्याशी बोलणी करणे, गटाचा हिशेब गटासमोर मांडणे हे सगळे कारागिरांनी स्वतः करत करत शिकायचे आणि बाहेरून आलेल्यांनी हळूहळू बाजूला व्हायचे, असा आराखडा होता. शिकणे आणि करणे वेगळे काढायचे नाही, हे त्याचे सूत्र होते. व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनाही इथे शिकावे लागले, कारण वर्गात चालणारे मुद्देसूद युक्तिवाद माळरानावरच्या बैठकीत चालत नव्हते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून नेतृत्वाची उदाहरणे देणाऱ्या भारतीय वर्गांनी जवाजाला आजवर दिले त्याहून कितीतरी अधिक तास द्यायला हवे होते.

भारतातील या शिक्षणाची एक अडचण प्रवेशापासूनच सुरू होते. अमेरिकेतील नामवंत संस्थांत विद्यार्थी साधारण चार-पाच वर्षे नोकरी करून येतो. त्याने वाईट साहेब पाहिलेला असतो, बिनसलेला प्रकल्प पाहिलेला असतो. भारतात मोठ्या संख्येने विद्यार्थी अभियांत्रिकीची पदवी घेऊन थेट, किंवा एखाद-दोन वर्षांच्या नोकरीनंतर येतात, आणि त्यांची निवड मुख्यतः प्रवेशपरीक्षेतल्या पर्सेंटाइलवर होते. त्यांची बुद्धी तल्लख असते. पण ज्याने आयुष्यात कोणाचाही पगार, रजा किंवा बढती ठरवलेली नाही, त्याला संघटनेतील संघर्षाची केस म्हणजे तर्काचे कोडे वाटते. दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग प्लेसमेंटच्या धावपळीत जातो. मुलाखतीत कसे बोलावे याची तयारी होते, पण मुलाखत घेणाऱ्याने कसे ऐकावे याची होत नाही.

भाषेचा प्रश्नही आहे. सगळी सादरीकरणे, सगळे वाद इंग्रजीत होतात. पदवीनंतरची पहिली जबाबदारी मात्र लातूर, सांगली किंवा नाशिकच्या वितरकांशी असते, नाहीतर चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात पंचवीस वर्षे काढलेल्या सुपरवायझरशी. वयाने वडिलांएवढ्या माणसाला “भाऊ” किंवा “काका” म्हणत त्याच्याकडून उधारी वसूल करायची, त्याचा मान राखून त्याला नकार द्यायचा, हे काम मराठीत किंवा हिंदीत करावे लागते. त्याचा एकही सराव वर्गात झालेला नसतो. महाराष्ट्रातील संस्थांनी तीन खुर्च्यांचा सराव मराठीतून घ्यायला काहीच हरकत नाही. त्यासाठी वेगळी पुस्तकेही लागत नाहीत.

काही संस्थांनी विद्यार्थ्याला वर्गाबाहेर नेले. वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये आणंदला स्थापन केलेल्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापनाच्या संस्थेत विद्यार्थी काही आठवडे गावात राहून पाहणी करतात. मुंबईत अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेत सामाजिक संस्थांबरोबर काम करणे अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि ‘अभ्युदय’ या उपक्रमात विद्यार्थी आसपासच्या वस्त्यांतील शाळकरी मुलांचे मार्गदर्शक होतात, त्यांच्या घरी जातात. हार्वर्डनेही 2011 मध्ये, नितीन नोहरिया अधिष्ठाता असताना, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गटागटाने परदेशी कंपन्यांच्या कामावर पाठवणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामागे 2010 मध्ये श्रीकांत दातार, डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांनी केलेला एमबीए शिक्षणाचा फेरविचार होता. माहिती भरपूर दिली जाते, पण करण्याची क्षमता आणि स्वतःच्या मूल्यांची जाण यांकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे निरीक्षण होते. दातार हे मुंबई विद्यापीठाचे आणि अहमदाबादच्या संस्थेचे माजी विद्यार्थी असून 2021 पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता आहेत.

अशा क्षेत्रकार्यात एक धोका असतो. विद्यार्थी चार आठवड्यांत सूचनांचा देखणा अहवाल देऊन परततो आणि त्या सूचना अमलात आणण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. म्हणजे केसच्या वर्गातली उणीव तशीच गावात पोहोचते. काम एवढे लहान असावे की ते पुरे करता येईल. दूध संकलन केंद्रावरची सकाळची रांग कमी करणे, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके मुलांच्या हाती जातील अशी व्यवस्था बसवणे, अशी कामे चालतील. काम फसले तर का फसले हे विद्यार्थ्याने त्याच माणसांसमोर मांडावे. गुण अहवालाच्या भाषेला देऊ नयेत. विद्यार्थी निघून गेल्यावर व्यवस्था चालू राहिली का, हे पाहून ते द्यावेत. मोजमाप अवघड आहे, पण अशक्य नाही.

मूल्यांचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो. व्यवस्थापनाचे प्राध्यापक सुमंत्र घोषाल यांच्या निधनानंतर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी व्यवस्थापन संस्थांवर गंभीर आरोप केला. माणूस स्वार्थीच असतो आणि व्यवस्थापकावर विश्वास ठेवता येत नाही, असे गृहीत धरणारे सिद्धांत वर्षानुवर्षे शिकवले की विद्यार्थी तसेच वागायला शिकतात आणि नैतिक जबाबदारीपासून मोकळे होतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. नीतिशास्त्राचा एक वेगळा पेपर ठेवून हे दुरुस्त होत नाही. वित्ताच्या तासाला कामगारकपात हा फक्त खर्चाचा आकडा म्हणून शिकवला गेला, तर दुसऱ्या दिवशीच्या नीतीच्या तासाला तो पुसता येत नाही. कपातीचा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याने तो त्या कामगाराला सांगण्याचा सरावही त्याच तासात करावा. मग आकडा तोच राहिला तरी निर्णयाची तयारी, मुदत आणि भरपाई यांचा विचार बदलतो.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठीचे वर्ग या दृष्टीने उजवे ठरतात. शिकागो विद्यापीठाने 1943 मध्ये कार्यरत अधिकाऱ्यांसाठी पहिला एमबीए सुरू केला. मिंट्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मॅकगिल, लँकेस्टर, इन्सिअड, बंगळूरची भारतीय व्यवस्थापन संस्था आणि जपानी विद्यापीठे यांना जोडून अनुभवी व्यवस्थापकांसाठी अभ्यासक्रम आखला. त्यात वर्गातला बराच वेळ एकमेकांच्या चालू अडचणींवर बोलण्यात जातो. मुंबईत जमनालाल बजाज संस्थेच्या परंपरेतील संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम याच जातीचे. कचेरी सुटल्यावर लोकलने येणारा विद्यार्थी रात्री ऐकलेली गोष्ट सकाळी टेबलावर करून पाहू शकतो आणि आठवड्याने वर्गात येऊन ती का जमली नाही ते विचारू शकतो. हा फेरा पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही. संध्याकाळच्या वर्गांना कमी प्रतीचे समजण्याची रीत म्हणूनच अन्यायाची आहे.

पदवीनंतरचे पहिले वर्ष शिक्षणाचाच भाग धरावा लागतो. हिंदुस्थान लिव्हरने 1976 पासून उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम हाती घेतले आणि आपल्या प्रशिक्षणार्थींना तिथल्या खेड्यांत राहायला पाठवले. 1956 मध्ये सुरू झालेली टाटा प्रशासकीय सेवाही नव्या अधिकाऱ्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत फिरवते. या काळात सर्वांत मोठा परिणाम करतो तो पहिला साहेब. लिव्हिंगस्टन यांनी 1969 मध्येच लिहिले होते, की तरुण व्यवस्थापकाकडून त्याचा पहिला वरिष्ठ काय अपेक्षा ठेवतो यावर त्याची पुढची वाढ ठरते, आणि कंपन्या मात्र नवख्यांना बहुधा सर्वांत कमी अनुभवाच्या वरिष्ठांकडे सोपवतात. चांगल्या कंपन्यांनी ही नेमणूक उलटी करावी. संस्थांनीही पदवी देऊन संबंध तोडू नये. पहिले वर्ष पुरे केलेल्या माजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलवावे, त्यांना भाषण करायला न लावता त्यांच्या वर्षातला एक फसलेला प्रसंग सविस्तर मांडायला सांगावा, आणि तोच पुढच्या तुकडीची केस व्हावी.